हप्त्याहप्त्याने घेतलेली परीक्षा

402 मधून 178 वजा करायचे आहेत. एका मुलाचे उत्तर येते 376, दुसऱ्याचे 234. बरोबर उत्तर 224, म्हणून दोघांनाही शून्य. वही नीट पाहिली तर कळते की पहिल्याने वरचा-खालचा न बघता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. हातच्याची वजाबाकी त्याला मुळातच उमगलेली नाही. दुसऱ्याला हातचा घेता येतो. दशकाच्या घरातल्या शून्याचे दहा करून त्यातला एक एककाला दिला की तिथे नऊ उरतात, एवढेच तो विसरला. पहिल्याला दशकांचे गठ्ठे सुटे करून दाखवत पुन्हा शिकवावे लागेल, दुसऱ्याला दोन उदाहरणे पुरतील. गुणपत्रिकेत मात्र दोघे सारखेच.

आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा सगळा वाद या दोन वजाबाक्यांत सामावलेला आहे. चाचणी लहान की मोठी, तोंडी की लेखी, याने ती आकारिक ठरत नाही. तिच्यामुळे दुसऱ्या दिवशीचे शिकवणे बदलले, तरच ती आकारिक. शेवटी किती आले एवढेच मोजले, तर ती संकलित.

ही भेदरेषा मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 साली आखली, ती अभ्यासक्रमांच्या परीक्षणासाठी. ती विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावली शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांनी. याच ब्लूमना भारताने 1957 साली परीक्षा सुधारण्यासाठी बोलावले होते. म्हणजे हा विचार आपल्याला काल-परवा कळला, असे म्हणायची सोय नाही.

हा विचार शाळेत कसा उतरतो याचे एक उदाहरण पाहू. शिकागोच्या वायव्येला शॉमबर्ग हे उपनगर आहे. तिथला डिस्ट्रिक्ट 54 हा आठवीपर्यंतच्या शाळांचा इलिनॉय राज्यातला सर्वांत मोठा शालेय जिल्हा. जवळच्याच लिंकनशायरमधल्या स्टीव्हन्सन हायस्कूलचे रिचर्ड ड्यूफोर यांनी मांडलेली पद्धत या जिल्ह्याने अंगीकारली. तिच्यात एकाच इयत्तेचे शिक्षक मिळून चाचणी काढतात आणि उत्तरे समोर ठेवून एकत्र बसतात. मुलांनी काय शिकायला हवे, शिकले हे कशावरून, ज्यांना आले नाही त्यांचे काय करायचे आणि ज्यांना आधीच येते त्यांचे काय, हे चार प्रश्न त्या बैठकीचा कणा. शेवटचे दोन प्रश्न आपल्या शिक्षकांच्या खोलीत क्वचितच विचारले जातात.

म्हणून तिथे सगळे आलबेल आहे, असे नव्हे. इलिनॉयमध्ये तिसरी ते आठवीच्या मुलांना दर वसंतात राज्याची गणिताची परीक्षा द्यावीच लागते. तिचा निकाल घरी पोचेपर्यंत बहुधा ते वर्ष मागे पडलेले असते. शिवाय शॉमबर्गच्या मराठी घरातही चाचणीनंतरचा पहिला प्रश्न पुण्या-नाशिकच्या घरातलाच असतो : किती मिळाले? रूथ बटलर यांचा 1988 चा इस्रायलमधला अभ्यास इथे आठवावा. ज्या मुलांना नुसते शेरे मिळाले, ती सुधारली. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले, त्यांना शेऱ्याचा लाभ जवळपास झालाच नाही. आकडा दिसला की शेरा कोणी वाचत नाही.

शेऱ्याला गुण जोडण्याची नेमकी हीच चूक महाराष्ट्राने कागदोपत्री पक्की केली. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशी साधने त्यात उत्तम होती. पण पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिकचा, 30 संकलितचा, सातवी-आठवीला 40 आणि 60, असा हिशेबही सोबत आला. प्रत्येक साधनाला गुण लागले, गुणांच्या श्रेणी झाल्या, श्रेणींचे तक्ते झाले. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या आणि ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हे वाक्य वर्गभर उतरले. जी परीक्षा वर्षाअखेरीस एकरकमी होत होती, ती हप्त्याहप्त्याने वसूल होऊ लागली.

संकलित परीक्षा नकोच, असे मात्र म्हणता येणार नाही. शिष्यवृत्ती, प्रवेश, एखाद्या वस्तीतली शाळा मागे पडते आहे का याचा पत्ता, यांसाठी बाहेरची निःपक्ष मोजणी लागतेच. ती नसेल तर गरीब घरातल्या मुलाचे मागे पडणे कोणाच्या नजरेसही येणार नाही. शिक्षकावरचा भारही खरा आहे. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे एका वजाबाकीच्या तीस वह्या. त्या वाचायला वेळ हवा, आणि आज तो वेळ तक्ते भरण्यात जातो.

तेव्हा उपाय खर्चिक नाही. आकारिक चाचण्यांचे गुण काढून टाका आणि त्या नोंदींचे रकाने बंद करा. वाचलेला तास एका इयत्तेच्या, किंवा आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या, शिक्षकांना एकत्र बसून चुकीची उत्तरे वाचायला द्या. पालकांनीही ‘किती मिळाले?’ऐवजी ‘कुठे अडलं, दाखव’ असे विचारावे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.