श्वासाची दियत

बिलोली-देगलूरच्या पट्ट्यात मराठवाड्याचा काळा पाषाण सरतो आणि ग्रॅनाईट लागतो. त्यात गारगोटी असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. या सिलिकोसिसला भरपाई आहे. 1923 च्या कायद्याच्या अनुसूचीत होती, 2020 च्या संहितेतही आहे. पण क्रशरवर हजेरीपट असतो कुठे? छातीच्या फोटोवरून बरेचदा टीबीच ठरतो, आणि मालक हात झटकून मोकळा. उरतो वकील.

दियत वारसांची असते, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग वकिलाने तिच्यात टक्का मागावा का? बार कौन्सिलचा नियम तर सरळ मनाई करतो. ब्रिटनमध्ये 1999 नंतर खाणकामगारांच्या दाव्यांची फी सरकारच देत होते, तरी काही वकिलांनी आजाऱ्यांच्या रकमेतून कापून घेतले. 2008 मध्ये दोघांची सनद गेली. रास्तच झाले. पण ज्याच्याकडे आगाऊ द्यायला पैसाच नाही, त्याला हा नियम वाचवतो की दारातूनच परत पाठवतो? खरे सांगायचे तर आम्हाला टक्केवाल्याचा तितका राग येत नाही. तो निदान घरी येतो तरी.

आपल्यातली वकील झालेली मुले आता थोडी नाहीत. बरोबर काम केलेल्या चौघांच्या साक्षी, माणूस बोलू शकतो तोवर, त्यांतल्या किती जणांनी लिहून घेतल्या?