दुसरी चाळिशी

जवळचे वाचण्यासाठी जो चष्मा लागतो त्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी! दुखणे आणि उपाय दोन्ही एकाच शब्दात बांधलेली. आणि गंमत अशी की हा उपाय करताना कोणाला कधी नीतीचा प्रश्न पडला नाही. वय वाढले की डोळ्यांतले भिंग ताठर होते, हा निसर्गाचाच नियम. तरी ‘निसर्गाने अंधुक दिसावे असे ठरवले आहे, तेव्हा पोथी मिटून ठेवा,’ असे आजोबांना कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मग त्याच वयाच्या आसपास बाईच्या शरीरात जो दुसरा बदल घडतो, त्याच्या बाबतीत आपण एकाएकी इतके निसर्गनिष्ठ का होतो?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले ते १९२७ साली. तेव्हा शरीराविषयी मराठीत बोलायला आता एवढे बिचकायचे कारण उरलेले नाही.

आपल्याकडे साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी पाळी थांबते. अंडाशयातून येणारे एस्ट्राडायॉल नावाचे संप्रेरक जवळजवळ आटते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्याच. हा निरोप्या केवढा? एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतले शे-दोनशे भाग तरुण बाईच्या एक मिलिलिटर रक्तात सापडतात. एडवर्ड डॉइझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेत ते प्रथम वेगळे काढले, तेव्हा डुकरिणींची कित्येक टन अंडाशये खर्ची पडली आणि हाती काही मिलिग्रॅम लागले. पण एवढ्याशा द्रव्यावर केवढा संसार चालतो! गर्भाशयाचे अस्तर तेच वाढवते, हाडांची झीज तेच रोखते. मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारे जे केंद्र आहे, त्याचीही घडी त्याच्यामुळे बसलेली असते. ते आटले की ही घडी विसकटते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, आणि पुढे हाडे ठिसूळ होत जातात.

याला ‘बायकी’ द्रव्य म्हणून बाजूला सारण्याचीही सोय नाही. पुरुषाच्या शरीरातही ते तयार होते. म्हाताऱ्या आजोबांच्या रक्तात ते बहुधा आजीपेक्षा जास्तच असते. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला हा निरोप ऐकूच येत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढतच होती. हाडे मात्र ठिसूळ. मुलग्याच्या हाडांना ‘आता पुरे’ असे सांगणारेही हेच द्रव्य आहे, ते तेव्हा कळले.

माझी आई अठ्ठेचाळीस वर्षांची असताना रात्री दोन-दोनला उठून ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर उघड्या अंगाने, म्हणजे नुसता पदर गुंडाळून, पडायची. सकाळी डोळे लाल. दिवसभर चिडचीड. घरात सगळे म्हणत, ‘वयच आहे ते.’ ते खोटे नव्हते. पण ते वाक्य तिथेच संपत असे. त्याच्यापुढे ‘मग काय करू या?’ हा प्रश्न येत नसे. गोष्टीतल्या कितीतरी सासवा ऐन पन्नाशीत खाष्ट होतात. त्या बायांना रात्री झोप लागते का, हे मात्र कोणत्याच गोष्टीत कळत नाही.

याच्या अगदी उलट टोकाची माणसेही झाली. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी पुस्तक लिहून सांगितले की, पाळी जाणे हा एक आजार आहे, कमतरतेचा. गोळ्या घ्या आणि कायम तरुण स्त्री राहा. लाखो बायकांनी घेतल्या. १९७५ साली उघड झाले की, नुसते एस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. त्यावर दुसऱ्या संप्रेरकाची जोड देण्याचा तोडगा निघाला. मग २००२ साली १६,६०८ बायकांवरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जगभर बायकांनी भीतीने गोळ्या टाकून दिल्या.

मी शाळेत शेकडेवारी शिकवते, म्हणून हा आकडा मला उलटून पाहावासा वाटतो. दहा हजार बायकांनी वर्षभर औषध घेतले, तर ३० च्या जागी ३८ जणींना तो रोग. म्हणजे आठ अधिक. पक्षाघाताच्याही आठ अधिक. खुब्याचे हाड मोडणाऱ्या पाच कमी. शिवाय त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, आणि औषध होते गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या एस्ट्रोजेनचे. २६ टक्के खरे आणि दहा हजारांत आठही खरे. पण पहिल्याने बाई भेदरते आणि दुसऱ्याने विचार करू लागते. त्या आठ जणींना कमी लेखावे असे मी म्हणत नाही. ज्या घरातली ती आठवी, त्या घराला ती एकच असते.

आज वैद्यकाचे मत मधल्या जागी स्थिरावले आहे. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसताना, त्रास खरोखर असेल आणि स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा काही इतिहास नसेल, तर बहुतेकींना औषधाचा लाभ धोक्याहून अधिक. गर्भाशय असेल तर दुसऱ्या संप्रेरकाची जोड हवीच. एस्ट्राडायॉल आता कातडीवर लावायच्या पट्टीतून आणि मलमातूनही देता येते.

‘सोस’ म्हणणारे आणि ‘तरुण राहा’ म्हणणारे एकमेकांचे शत्रू दिसतात खरे, परंतु मला ते सख्खे भाऊ वाटतात. एकाला बाईचे दुःख दिसत नाही, दुसऱ्याला तिचे वय खपत नाही. आणि तिला काय हवे, हे दोघेही विचारीत नाहीत. चाळिशी लावणारा माणूस पंचविशी परत मागत नसतो, त्याला फक्त वाचायचे असते. रात्रीची झोप मागणारी बाईही यौवन मागत नाही. आणि तिने यौवनच मागितले तर? इथे रेघ पुसट आहे, हे मला मान्य आहे. ती दुसऱ्याने तिच्यासाठी ओढू नये, एवढेच म्हणेन. खरा हिशेब डॉक्टरांनी तिच्यापुढे मांडावा, आणि ‘घेते’ किंवा ‘नको’ हे तिने म्हणावे. जी विचारपूर्वक ‘नको’ म्हणते, तिचे सोसणेही मग तिचे स्वतःचे होते. आमच्या आईचे तसे नव्हते.

मी स्वतः आता त्याच उंबरठ्यावर आहे. काय करीन ते अजून ठरवलेले नाही. पण या दिवसांत घरोघर चकल्यांची कढई चढलेली असेल. तिच्यासमोर बसलेली एखादी आई, काकू, वहिनी मधेच झारा टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली, तर ‘वयच आहे’ म्हणून गप्प बसू नका. झारा हातात घ्या, आणि तिला रात्री झोप लागते का, ते विचारा.