पोटातला धातू, रक्तातले वतन

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मेहकरला आमच्या घरी आलेली माझी नात दुपारभर ओसरीवर पडून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत होती, आणि मी वर्तमानपत्राच्या आडून तिच्याकडे व झोपेकडे आळीपाळीने लक्ष देत होतो, तेव्हा पुस्तकातून मान वर न काढताच तिने विचारले, “आजोबा, तुम्हाला एकच धातू गिळायला सांगितला तर कोणता गिळाल?” मी म्हटले, “वैद्यांना विचारून सांगतो.” या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर माझेही झाले नाही, म्हणून तिचे झाल्यावर ते पुस्तक मी मागून घेतले आणि तिची सुटी संपेपर्यंत पुरवून पुरवून वाचले.

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाची ‘मिस्टबॉर्न’ ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. आकाशातून राख पडत राहणाऱ्या एका साम्राज्यात काही मोजकी माणसे धातूचा कीस द्रवात कालवून गिळतात आणि तो पोटात ‘जाळून’ विलक्षण सामर्थ्य मिळवतात, ही तिच्यातली मूळ कल्पना. कथील जाळणाऱ्याची इंद्रिये तीक्ष्ण होतात. कथलात थोडे शिसे मिसळून केलेला मिश्रधातू देहाला बळ देतो. लोखंडाने भोवतालचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलादाने तो दूर लोटता येतो. जस्ताने दुसऱ्याच्या मनातले विकार भडकवता येतात, पितळेने ते निवविता येतात. लाखात एखाद्याला हे सारे धातू साधतात. बाकीच्या सामर्थ्यवानांच्या वाट्याला एकच येतो, आणि म्हणूनच नातीच्या प्रश्नात ‘एकच’ या शब्दावर एवढा जोर होता.

ही कल्पना वाचताना मला नवल वाटले ते तिच्या नवलाईचे नव्हे, ओळखीचे. पतंजलीने सिद्धींचे पाच उगम सांगितले आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. त्यांतले पहिले दोन या अमेरिकन गृहस्थांनी नकळत उचलले आहेत. आणि धातू पोटात घालून देह सिद्ध करण्याचा उद्योग तर आपल्या रसशास्त्राने शतकानुशतके केला. फरक इतकाच, की कादंबरीतला माणूस धातू आधी गिळतो आणि मग जाळतो. आपला वैद्य आधी जाळतो आणि मग देतो. तापवलेल्या लोखंडाचे पातळ पत्रे तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवायचे, मग वनस्पतींच्या रसात खलून, गोवऱ्यांच्या आगीत पुटांवर पुटे द्यायची, आणि तरीही त्या भस्मावर विश्वास टाकायचा नाही, तर त्याची परीक्षा घ्यायची: चिमूटभर पाण्यावर सोडले असता ते तरंगते काय, बोटांत चोळले असता त्वचेच्या रेषांत शिरून बसते काय, पुन्हा आगीत घातले असता त्यातून मूळ धातू उठतो काय. गिळणाऱ्याच्या जठरावर एवढा भार न टाकता तो अग्नीवर टाकणारी ही पद्धती मला अधिक सभ्य वाटते. भस्मांच्या गुणदोषांबद्दल आजच्या वैद्यकाचे आक्षेप आहेत, आणि शिसे व पारा यांच्या बाबतीत ते गंभीर आहेत. पण सामर्थ्य अंगात घेण्यापूर्वी त्याची तपासणी झाली पाहिजे, हा त्या शास्त्रकारांचा आग्रह मी अद्याप कालबाह्य मानत नाही.

कादंबरीत खरी मेख आहे ती धातूत नाही, रक्तात आहे. साम्राज्याच्या आरंभी ज्यांनी सम्राटाची पाठराखण केली त्यांच्याच वंशात हे सामर्थ्य उतरते. रयतेपैकी कोणाच्या अंगी ते आढळलेच, तर त्याच्या कुळात कोठेतरी उमरावाचे रक्त मिसळले असे समजावे, आणि असा जीव सम्राटाच्या हुकमाने ठार करण्यास पात्र. आमच्या भाषेत याला एक जुना, दफ्तरी शब्द आहे: वतन. सनद मिळाली पूर्वजाला, तिचे उत्पन्न खाणार वंशज, आणि कामगिरी काय होती हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही. परंतु वतनाची गंमत अशी की ते धन्यालाही बांधून ठेवते. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवांपाशी देशमुखी होती, फौज होती, दरबारात मान होता. आणि १६२९ साली दौलताबादेस निजामशाहीच्या त्याच दरबारात ते पुत्रांसह मारले गेले. कादंबरीतल्या उमरावांचीही गत वेगळी नाही: सामर्थ्य वंशपरंपरेचे, पण धातू रोखीचा, पोटातला साठा संपला की वतनदारही रयतेइतकाच रिता. सर्वांत मौल्यवान धातू, ज्याने शत्रूची पुढची हालचाल आधी दिसते, तो तर सम्राटाच्याच खाणीतून निघतो आणि बंदी मजूर तो जिवावर उदार होऊन काढतात. तेव्हा कोणते सामर्थ्य घ्यावे या प्रश्नाच्या आधी, त्याचा साठा कोणाच्या कोठारात आहे हे विचारावे, असे मला वाटते.

नातीची पहिली पसंती अर्थातच त्या भविष्य दाखवणाऱ्या धातूला होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला या मोहाबद्दल वेगळे सांगायला नको. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मध्ये मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, विड्याचे पान आणि सुपारी म्हणजे राजा. आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी, रात्रीत काय हलले काय राहिले हे पाहून पाऊस, पीक आणि गादी यांचे भाकीत वर्तवले जाते. अंधश्रद्धेचे विरोधक त्यावर दरवर्षी कोरडे ओढतात, आणि तर्काच्या कसोटीवर त्यांचेच बरोबर आहे. तरी पहाटे त्या शेतात उभा राहणारा कोरडवाहू शेतकरी मूर्ख आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. कादंबरीकाराने एक सूक्ष्म नियम घातला आहे: दोन प्रतिस्पर्धी एकाच वेळी तो धातू जाळू लागले, की प्रत्येकाला दुसऱ्याच्या एका सावलीऐवजी असंख्य सावल्या दिसतात आणि दोघांचेही भविष्यज्ञान निरुपयोगी ठरते. आमच्या बाजारपेठेने हा नियम कादंबरीवाचून सिद्ध केला आहे. कापूस भाव खाणार हे एकाला कळले तर तो श्रीमंत होईल; सगळ्यांना कळले, की सगळे कापूसच पेरतात, आणि जो भाव खाणार होता तो भावाअभावी पडून राहतो. सर्वांना ठाऊक झालेले भविष्य स्वतःला खोटे ठरवते, म्हणून ते सामर्थ्य मी सोडले.

जस्त आणि पितळ यांचा तर विचारही केला नाही. दुसऱ्याचे मन त्याच्या नकळत भडकवणे किंवा थंड करणे हे काम करणारी माणसे निवडणुकीच्या हंगामात आमच्याकडे धातू न गिळताच मुबलक येतात.

मग मी खामगावचा असल्याच्या थाटात चांदी मागितली. (मी मेहकरचा, पण चोख चांदीचा व्यवहार खामगावचा, आणि त्या गावाला रजतनगरी म्हणवून घेण्याचा हक्क आहे.) नात हसली. कादंबरीमालिकेच्या सोळा धातूंच्या पटावर चांदीला घरच नाही; सोन्याशी मिसळून झालेल्या मिश्रधातूत तेवढी ती चोरपावलांनी येते. एका जिल्ह्याचा अपमान म्हणून मी तो मनावर घेतला, आणि रसशास्त्र उघडून पाहिले तर तिथे चांदीला भलतेच सुंदर काम दिलेले आढळले. एखादे भस्म पूर्ण सिद्ध झाले की नाही याची एक परीक्षा अशी, की ते वजन केलेल्या चांदीबरोबर तापवायचे. चांदीचे वजन वाढले, तर भस्मात अजून कच्चा धातू शिल्लक आहे असे समजायचे. म्हणजे चांदी स्वतः काही करत नाही, साक्ष देते. सामर्थ्यवानांच्या गर्दीत पंचाची जागा रिकामी ठेवणाऱ्या कादंबरीकाराची ही एक चूकच झाली, असा माझा निवाडा आहे.

सामर्थ्यच नको, असे म्हणणारी परंपराही आपल्याकडे मोठी आहे. परिसा भागवताच्या घरचा परीस नामदेवांच्या घरी आला आणि त्यांनी तो चंद्रभागेत टाकून दिला, ही कथा आपण कीर्तनात माना डोलावत ऐकतो. मला मात्र प्रत्येक वेळी त्यांची पत्नी राजाई आठवते. घरात दाणा नाही, मैत्रिणीने दिलेला दगड लोखंडाला लावून तिने चार दिवसांची बेगमी केली असेल, आणि नवरा तो नदीत टाकून येतो. तिची कैफियत कोणत्याही कीर्तनकाराने पुरती मांडलेली मी ऐकली नाही. वैराग्याला आपल्या घरातले कोण उपाशी राहते, हे विचारल्याशिवाय सामर्थ्याचा त्याग पुण्यात जमा धरू नये.

शेवटी मी लोखंडावर आलो. त्याचे कारण त्याची शक्ती नव्हे, त्या शक्तीचा कायदा. लोखंड जाळणारा जी वस्तू ओढतो ती त्याच्याहून हलकी असेल तर त्याच्या छातीकडे येते. जड किंवा जमिनीत रोवलेली असेल तर तोच तिच्याकडे ओढला जातो. ओढ नेहमी दोहोंकडून असते, आणि फरफट कमी वजनाच्याची होते. हा नियम वाचताना मला लोणार आठवले. आमच्या काळ्या बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. अवकाशातून आलेल्या कोण्या लहानग्या पिंडाला पृथ्वीने ओढले, त्याने आघात केला, आणि दगडाची मॅस्केलिनाइट नावाची काच झाली, पण त्या पिंडाचा म्हणावा असा तुकडा हाती लागलेला नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्याचे वय पन्नास हजार वर्षे की पाच लाखांहून अधिक, याचा वाद आजही चालू आहे. हलके जडाकडे गेले की काय होते, याचे एवढे ठसठशीत चित्र दुसरे नाही. आपले वजन किती आणि समोरच्याचे किती, हे मोजायला भाग पाडणारे सामर्थ्य मला इतरांपेक्षा सचोटीचे वाटते. तालुक्याच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदीसाठी खेटे घातलेल्या कोणालाही ते पटेल.

दुसरे कारण अधिक साधे आहे. या एकाच धातूची जादू कल्पित नाही. प्रौढ माणसाच्या देहात तीन-चार ग्रॅम लोह असते, एखाद्या खिळ्याइतके. त्यातले बहुतेक रक्तात असून श्वासातला प्राणवायू बोटाच्या टोकापर्यंत तेच वाहून नेते. इथे वतन चालत नाही, कारण ते कोणाच्या वंशाला बहाल केलेले नसून रोजच्या ताटातून कमवावे लागते. आणि ताट अपुरे पडले की वंश कोणताही असो, दम लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ज्या देशात अर्ध्याहून अधिक बायकांच्या वाट्याचा हा खिळा अपुरा आहे, तिथे त्या सोळा धातूंतून निवड करताना मला फार वेळ लागू नये हे उघड आहे.

हे सर्व मी नातीला सांगितले तेव्हा तिने जांभई देत “म्हणजे लोखंड” एवढेच टिपून घेतले, आणि सामान आवरायला उठली. कादंबरी दप्तरात कोंबताना आतून निळ्या गोळ्यांची पट्टी बाहेर पडली. दर आठवड्याला एक घ्यायची, साठ मिलिग्रॅम लोह, शाळेने सुटीपुरती घरी दिलेली. चार आठवडे झाले होते. तीन गोळ्या तशाच होत्या.