शिकविणे आणि शिकविल्याची नोंद

मोठ्या कंपनीत, बँकेत किंवा सरकारी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला आज वर्षातून अनेकदा संगणकाच्या पडद्यासमोर बसून काही धडे पूर्ण करावे लागतात. माहितीची सुरक्षितता, ग्राहकांशी वर्तन, स्त्री-कर्मचाऱ्यांचा सन्मान, लाचलुचपतीस प्रतिबंध असे त्यांचे विषय असतात. धड्याच्या शेवटी बहुधा एक लहानशी चौकट येते. ‘मी हा मजकूर वाचला असून तो मला समजला आहे’ असे तीत लिहिलेले असते. कर्मचारी तिच्यावर टिचकी मारतो आणि धडा पूर्ण होतो. ह्या टिचकीत नैतिकदृष्ट्या नेमके काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तेथे कोणी काही शिकले काय? की केवळ एक जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली?

प्रथम ई-शिक्षणाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते मान्य केले पाहिजे. इचोड्यासारख्या गावातून ह्या गोष्टीकडे पाहिले की तिचे मोल चटकन ध्यानात येते. निर्मलहून आदिलाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचे हे मंडलाचे ठिकाण हैदराबादपासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. प्रशिक्षण राजधानीच्या शहरातच मिळत असे तेव्हा येथील शाखेतल्या कारकुनाला त्यासाठी प्रवास आणि मुक्काम करावा लागे. घरी तान्हे मूल किंवा आजारी सासू असलेल्या स्त्रीच्या हातून अशी संधी, आणि तिच्याबरोबर बढतीही, सहज निसटून जाई. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ साली स्थापनेपासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ नेण्याचे जे व्रत घेतले, त्याचेच एक रूप म्हणून संगणकावरील धड्यांकडे पाहता येईल. संख्येचाही प्रश्न आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’स मान्यता दिली, तेव्हा सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी डोळ्यांपुढे होते आणि पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद होती. एवढ्या माणसांना वर्गात बसवून शिकवावयाचे म्हटले तर शिक्षक तरी कोठून आणावयाचे? तेव्हा साधन नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही.

प्रश्न आहे तो ह्या साधनाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा. धडा दाखविणारी संगणकप्रणाली आणि धडा ह्यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, ह्याचे काही संकेत ठरलेले आहेत. त्यांपैकी ‘स्कॉर्म’ हा अनेक वर्षे जगभर सर्वाधिक रूढ राहिला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ साली हाती घेतलेल्या उपक्रमातून तो निघाला आणि त्याची १.२ ही आवृत्ती २००१ साली आली. त्या आवृत्तीत शिकणाऱ्याची स्थिती सहा शब्दांत नोंदविता येते : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसते चाळले, आणि सुरूच केले नाही. त्याखेरीज गुण आणि लागलेला वेळ नोंदविण्याची सोय आहे. ‘समजले’ ह्या अवस्थेसाठी मात्र तेथे जागा नाही. ह्यात यंत्राचा दोष नाही. समजणे ही मोजण्याजोगी वस्तूच नव्हे, आणि यंत्राने ती मोजण्याचा दावाही केलेला नाही. दावा करतो तो यंत्राची नोंद वाचणारा माणूस. ‘पूर्ण’ ह्या शब्दाचा तो ‘समजले’ असा अनुवाद करतो, आणि ह्या अनुवादापासून अन्यायाला प्रारंभ होतो.

हा अनुवाद कंपन्यांना सोयीचा का वाटावा, ह्याचेही कारण आहे. १९९१ साली अमेरिकेत संस्थांच्या गुन्ह्यांसाठी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. ज्या कंपनीने गैरव्यवहार रोखण्यासाठी परिणामकारक यंत्रणा उभारली असेल तिच्या दंडात सवलत मिळू शकेल, असे त्यांत ठरले. आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे अशा यंत्रणेचे एक अंग मानले गेले. हेतू चांगलाच होता. पण प्रशिक्षणाला त्यामुळे दुसरे प्रयोजन मिळाले. माणूस जाणता व्हावा हे पहिले. आणि उद्या काही घडल्यास ‘आम्ही ह्याला शिकविले होते’ असे म्हणता यावे, हे दुसरे. आपल्याकडेही कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाने ठराविक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत असे सांगतो. त्या कर्तव्याची पूर्तता अर्ध्या तासाच्या धड्याने आणि दहा प्रश्नांनी झाली असे मानणे किती मोहाचे आहे, हे सांगावयास नको.

दुसरे प्रयोजन पहिल्यास कसे गिळून टाकते, ह्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे आहे. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडल्याबद्दल ह्या बँकेला सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. मागील काही वर्षांत ह्याच कारणासाठी तिने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढलेही होते. ह्या बँकेत नीतिनियमांचे प्रशिक्षण नव्हते असे नाही. खोटी खाती उघडू नयेत हे कर्मचाऱ्यांना शिकविलेले होते. पण त्याच वेळी रोज किती खाती विकली पाहिजेत ह्याचे लक्ष्यही वरूनच ठरत होते. एक हात नीती शिकवीत होता आणि दुसरा हात अनीतीवाचून न गाठता येणारा आकडा पुढे करीत होता. नोकरी प्रथम गेली ती मात्र खालच्या माणसाची. मुख्याधिकाऱ्याने पद सोडले ते बोभाटा झाल्यावर, ऑक्टोबरात.

येथे एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्रोणाने त्याला शिकविण्याचे नाकारले. त्याने मातीची मूर्ती समोर ठेवून विद्या मिळविली. मूर्ती बोलत नव्हती, चूक सुधारीत नव्हती, तरीही तो शिकला. ह्यावरून गुरूवाचून शिकता येते असे म्हणणारे ई-शिक्षणाचे समर्थक चुकीचे बोलत नाहीत. परंतु कथेचा दंश पुढे आहे. ज्याने शिकविले नाही तोच गुरुदक्षिणा मागावयास आला, आणि मागितला तो अंगठा. आपल्या प्रश्नाचे मर्म हेच आहे. कर्मचाऱ्यासमोर बोलकी मूर्ती बसवून संस्था निघून जाते, आणि प्रसंग येताच परत येऊन अंगठा मागते : ‘तुला समजले होते, हे तूच लिहून दिले आहेस.’

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कर्मचारी हा सज्ञान माणूस आहे; न वाचता टिचकी मारली तर दोष त्याचाच. शिवाय वर्गातल्या प्रशिक्षणात तरी काय होत होते? हजेरीपटावर सही करून मागच्या बाकावर डुलक्या घेणारे तेथेही होतेच. आक्षेपात तथ्य आहे. न वाचता ‘वाचले’ म्हणणे हे असत्यच आहे आणि त्याचा वाटा बोलणाऱ्याने उचलला पाहिजे. परंतु ज्या व्यवस्थेत काउंटरसमोर रांग उभी असताना सायंकाळपर्यंत धडा पूर्ण करण्याचा आदेश येतो, त्या व्यवस्थेने ते असत्य जवळजवळ मागवून घेतलेले असते. आणि वर्गात एक गोष्ट होती, तिला पर्याय सापडलेला नाही. तेथे कोणीतरी उठून विचारू शकत होते, ‘साहेब, आमच्या गावात हे जमायचे कसे?’ ह्या प्रश्नाने शिकविणारा अडचणीत येई. कधी तो उत्तर देई, कधी निरुत्तर होई, आणि कधी तो प्रश्न घेऊन मुख्य कचेरीत जाई. शिकविणे म्हणजे अशी अडचण पत्करणे होय. ज्या शिक्षणात संस्थेला उलट प्रश्न ऐकूच येत नाही, तेथे संस्था बोलते खरी, पण शिकवीत नाही.

ह्या दृष्टीने आपल्याच डोंगरातले एक जुने उदाहरण आठवावेसे वाटते. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ ह्यांना गोंडांची परिस्थिती अभ्यासण्यास पाठविले. ते मारलवाई ह्या गोंड गावात राहिले, आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. क्रमिक पुस्तके गोंडी भाषेत तयार झाली. लिपी देवनागरी घेतली, कारण मराठीमुळे तीच येथे ओळखीची होती. शिकविण्याआधी शिकविणाऱ्यांनाच शिकणाऱ्यांची भाषा, चालीरीती, त्यांचे जमिनीचे दुःख शिकून घ्यावे लागले. ती योजना परिपूर्ण होती असे नव्हे. पण तीत शिकण्याचा ओघ दोन्ही दिशांनी वाहत होता.

किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तरी उरलेल्या मुलुखातली बोली काही सरहद्दीप्रमाणे वाटली गेली नाही. आजही ह्या भागात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा ह्या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. बँकेच्या काउंटरवर येणारा माणूस ह्यांपैकी कोणतीही भाषा बोलत येईल. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ग्राहकांच्या हक्कांची सनद दिली; व्यवहारातील करार पारदर्शक आणि सामान्य माणसाला सहज समजतील असे असावेत, हे तत्त्व तीत आहे. समजा, हे तत्त्व इंग्रजी किंवा हिंदी धड्यातून ‘पूर्ण’ केलेला तरुण अधिकारी पीककर्जाचे कागद घेऊन एखाद्या कापूसवाल्या शेतकऱ्यासमोर बसला आहे. विम्याचा हप्ता, व्याजाची सवलत, थकबाकीचे परिणाम त्याने सांगावयास हवेत. भाषा अडते, रांग वाढते. तो बोट दाखवून म्हणतो, ‘इथे अंगठा लावा.’ वर त्याने जे केले तेच तो खाली करवून घेतो. न समजता ‘समजले’ म्हणण्याची सवय ज्याला संस्थेने लावली, तो न समजता अंगठा लावणाऱ्याला थांबवील अशी अपेक्षा कशी करावी? अंगठाबहाद्दर म्हणून आपण निरक्षराला हिणवितो. पण साखळीच्या दोन्ही टोकांना कृती एकच आहे.

आणखी एक गोष्ट विचार करावयास लावते. वैमानिकांच्या शिक्षणात संगणकावरील धडे फार पूर्वीच आले. त्यांचे संकेत ठरविणारी विमान-उद्योगाची समिती १९८८ साली स्थापन झाली होती. तरी धडे पूर्ण केले म्हणून कोणी वैमानिकाच्या हाती विमान देत नाही. ठराविक मुदतीने त्याला परीक्षकासमोर कौशल्य सिद्ध करावे लागते. सिंगरेणीसारख्या कोळसाखाणीतील कामगारासाठीही १९६६ च्या नियमांनी प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले आहे. जेथे चूक झाल्यास विमान पडते किंवा छत कोसळते, तेथे ‘पूर्ण’ म्हणजे ‘समजले’ असे कोणी मानीत नाही. ग्राहकाशी सचोटीने वागणे, सहकारी स्त्रीचा मान राखणे ह्या विषयांत मात्र तेवढ्यावर भागते. ह्याचे कारण विषय सोपे आहेत हे नव्हे. येथल्या चुकीची किंमत बहुधा दुसराच कोणी, आणि तोही मुकाट्याने, भरतो, हे आहे.

म्हणून उपाय यंत्र काढून टाकण्यात नाही. धडा कामाच्या वेळेत व्हावा, शिकणाऱ्याच्या भाषेत असावा, आणि त्यानंतर प्रश्न विचारण्यासाठी एक जिवंत, नाव असलेला माणूस असावा. लक्ष्याचे आकडे आणि नीतीचे धडे एकाच अधिकाऱ्याच्या सहीने निघावेत, म्हणजे त्यांतला विरोध त्याला स्वतःला टोचेल. शेवटच्या चौकटीतही दोन ओळी असाव्यात. ‘मला समजले’ ह्या ओळीच्या वर ‘मी समजावून सांगितले, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली’ अशी ओळ असावी, आणि तिच्याखाली संस्थेच्या वतीने कोणातरी माणसाने आपले नाव लिहावे. ती सही करताना ज्याचा हात क्षणभर अडखळेल, त्याला शिकविणे म्हणजे काय हे कळू लागले असे म्हणता येईल.