कादाचित्काची कैफियत

यंत्र कायमचे बंद पडले तर त्यातून दुरुस्तीचा प्रश्न उभा राहतो, तत्त्वज्ञानाचा नव्हे. परंतु जे यंत्र दिवसभर मुकाट्याने काम करते आणि मग कोणतीही पूर्वसूचना न देता, कधी सकाळी दहाला तर कधी टळटळीत दुपारी, कधी एका दिवसात अनेकदा तर कधी आठवडाभरात एकदाही नाही, अशा रीतीने मध्येच स्तब्ध होते, ते आपल्या मालकाला नकळत एका फार जुन्या वादात ओढून नेते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच जगाचे कारण कोणते, असा प्रश्न निघाला असून त्या पदाच्या उमेदवारांत काल, स्वभाव आणि नियती यांच्या जोडीला यदृच्छाही उभी आहे.

सांगलीच्या हळदपेठेतील एखादे आडतीचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. फेब्रुवारी उजाडला की नव्या राजापुरी हळदीची आवक वाढते, सौदे निघतात, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या करण्याचे जे काम पूर्वी दिवाणजी लाल कापडात बांधलेल्या वह्यांत करीत, ते आता कोपऱ्यातील टेबलावरच्या संगणकावर चालते. ऐन पट्टीच्या वेळी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजतो, कीबोर्डवरील नमलॉकचा दिवा बटण दाबूनही बदलत नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ ज्या मिनिटाला हे घडले त्याच मिनिटावर थांबून राहते. दिवाणजी बटण दाबून धरतात, यंत्र पुन्हा सुरू होते आणि काही झालेच नाही अशा साळसूदपणे चालू लागते. दुरुस्तीवाल्याने विचारले, ‘मालक, नेमका कधी हँग होतो?’ तर उत्तर ठरलेले असते: ‘त्याला काही नेम नाही बघा. कधीपण होतो.’ हे ऐकून दुरुस्तीवाला खट्टू होतो. वास्तविक त्याने संतुष्ट व्हायला हवे. कारण तक्रारदाराने आपल्या जबानीत सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपण होऊन दाखल केलेला असतो.

मिथिलेचा नैयायिक उदयनाचार्य याने सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्या स्तबकात नेमका हाच पुरावा उचलला आहे. गोष्टी आपोआप घडतात, त्यांना कारण लागत नाही, असे म्हणणाऱ्या प्रतिपक्षाला त्याचे सांगणे थोडक्यात असे की, ज्याला कशाचीच अपेक्षा नाही ते एक तर सदैव असेल किंवा कधीच नसेल. ते कधी असते आणि कधी नसते, एवढ्यावरूनच ते दुसऱ्या कशाच्या तरी अधीन आहे हे सिद्ध होते. कादाचित्कत्व, म्हणजे मधूनच केव्हातरी घडणे, हा सामान्य माणसाला निर्हेतुकतेचा दाखला वाटतो. उदयनाने तोच दाखला उलटवून सहेतुकतेच्या मिसलीत जोडून टाकला. न्यायसूत्रांतील पूर्वपक्षी काट्याच्या तीक्ष्णतेला कोणते निमित्त, असे विचारतो, तेव्हा निदान उदाहरण तरी तो धूर्तपणे स्थिर निवडतो. अधूनमधून अडकणारा संगणक त्याने साक्षीला आणला असता तर खटला पहिल्याच तारखेला निकाली निघाला असता.

या तर्कविद्येचा एक मोठा अभ्यासक कृष्णेच्याच काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला, वाईत होऊन गेला. ज्यांनी 1923 साली कलकत्त्याहून ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवली त्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे जीवन तेथील प्राज्ञपाठशाळेशी निगडित राहिले. पुढे त्याच गावातून त्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि 1976 साली त्याचा पहिला खंड निघाला. विश्वकोशात दर्शने आणि यंत्रे एकाच अकारविल्हे रांगेत बसतात, ही व्यवस्था मला तत्त्वतः योग्य वाटते.

मात्र कारण आहे एवढे सिद्ध होणे वेगळे आणि ते हाती लागणे वेगळे. येथे नैयायिकांची दुसरी कल्पना उपयोगी पडते. कार्य कोणत्याही एकट्या कारणाने होत नाही. त्याला संपूर्ण कारणसामग्री जुळावी लागते. पेठेतील त्या संगणकाचे कॅबिनेट उघडले तर प्रोसेसरवरील पंख्यात आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांत हळदीची पिवळी पूड गच्च बसलेली दिसते. पात्यांखालची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असते. विजेचा पुरवठा सांभाळणाऱ्या एसएमपीएसमधला एखादा कपॅसिटर फुगलेला असतो, आणि अशा कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे जवळजवळ निम्मे होत जाते. यातील प्रत्येक गोष्ट महिनोन्‌महिने तेथे होतीच; तेवढ्याने यंत्र अडकले नाही. चैत्राचे ऊन, मोठा हिशेब चालू असल्याने तापलेला प्रोसेसर आणि त्याच क्षणी उतरलेला विजेचा दाब, ही मंडळी एकत्र आली म्हणजे सामग्री पूर्ण होते आणि बाण थिजतो. यांपैकी एक जरी गैरहजर असली तरी यंत्र निर्वेध चालते. मालकाला दिसतो तो अनियम. प्रत्यक्षात अनेक नियमांच्या वेळापत्रकांचा तो छेद असतो.

सातारा जिल्ह्याने याच न्यायाचा फार कठोर अनुभव घेतला आहे. कोयनेच्या धरणात 1962 पासून पाणी साठू लागले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयाच्या भाराचा आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्याचा या भूकंपांशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञांचे बहुमत आहे. परंतु पाणी तर दरवर्षी साठते आणि धक्के मात्र आपल्या लहरीने येतात. कारण भूगर्भातील भ्रंशात आधीच साठलेला ताण ही सामग्रीतील मुख्य बाब, आणि पाणी हे तिला मिळालेले सहकारी कारण. तेव्हापासून तो प्रदेश अधूनमधून हादरतच आहे, आणि हे कादाचित्क प्रत्यक्ष पाहता यावे म्हणून तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विंधनविवर घेण्यात आले. त्या कामासाठी कराडला प्रयोगशाळाही आहे.

संगणकाच्या तपासात आणखी एक विचित्र अडचण येते, ती साक्षीदाराची. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे नोंदींचे दप्तर असते. तेथे मोठ्या आशेने पाहावे तर अशा प्रसंगी ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली 41 क्रमांकाची एक नोंद सापडते, आणि तिचा आशय एवढाच की मागील खेपेस यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. ही नोंद शुद्धीवर आल्यानंतरची आहे. जो नोंद करणारा, तोच घटनेच्या वेळी मूर्च्छित होता. गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘मला काही कळले नाही’ असे म्हणतो, त्यावरून वेदान्ती त्या झोपेतही जागा असलेल्या साक्षीचे अस्तित्व सिद्ध करू पाहतात. संगणकापाशी असा साक्षी नाही, आणि म्हणूनच पडद्यावर थांबलेल्या त्या घड्याळाची वेळ कागदावर टिपून ठेवणारा दिवाणजी अर्धे काम करून ठेवतो, असे मला वाटते.

यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेले तर तेथे ते हटकून नीट चालते, आणि ‘आमच्याकडे तर काही होत नाही’ असा शेरा मिळवून परत येते. मीमांसकांनी या शेऱ्यातील दोष केव्हाच दाखवून ठेवला आहे. वस्तू दिसली नाही एवढ्याने तिचा अभाव ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हे प्रमाण होते, आणि त्याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. दुकानातील थंड खोली, चांगले अर्थिंग, हलके काम आणि दोन तासांचा अवधी यांत ती योग्यता नाही. रॅम तपासणारा मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम रात्रभर पुनःपुन्हा चालवतात तो यासाठीच. एका फेरीत चूक न सापडणे म्हणजे निर्दोषत्व नव्हे. त्याच न्यायाने, ज्या यंत्राला आठ दिवस उसंत घेण्याची सवय आहे त्याने उपायानंतर आठ दिवस त्रास दिला नाही, तर उपाय लागू पडला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. त्या सवयीच्या कित्येक पट काळ वाट पाहिली पाहिजे, आणि माणसाला नेमके तेच जड जाते.

धर्माचा प्रश्न या उतावीळपणातून सुरू होतो. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहिले, गणपतीच्या देवळात अभिषेक केला, आणि पुढले आठ दिवस बरे गेले, की काकतालीय न्यायाने एक श्रद्धा जन्माला येते. पण याबाबत केवळ भाविकांनाच बोल लावणे अन्यायाचे होईल. ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणणारा तंत्रज्ञही पुष्कळदा निदानाला फाटा देऊन प्रायश्चित्तच सांगत असतो. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासणे हा त्यातल्या त्यात सकारण विधी, कारण त्याने संपर्कबिंदूंवरचा गंज खरोखरीच निघतो. थोर माणसेही या मोहातून सुटत नाहीत. 1934 च्या बिहारमधील भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्याच बाजूला असलेल्या रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली की भौतिक उत्पाताचे कारण भौतिकच असते. गांधीजींचा नैतिक हेतू मला पूज्य आहे. या वादात मात्र मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, कारण जो भूकंप आपल्याला हव्या त्या पापाच्या नावे मांडता येतो, तो प्रतिपक्षाला त्याला हव्या त्या पापाच्या नावेही मांडता येतो.

मग शास्त्रकारांच्या ‘अदृष्टा’चे काय करायचे? वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे ओढली जाणारी सुई, झाडाच्या अंगात वर चढणारे पाणी, वर उसळणारी ज्वाळा या सर्वांचे कारण अदृष्ट म्हणून सांगितले आहे. यावर हसणे सोपे आहे. मला त्यात हिशेबाचा प्रामाणिकपणा दिसतो: आलेली रक्कम कोणाची हे कळत नाही म्हणून चोख दिवाणजी ती गिळून टाकत नाही, किंवा भलत्याच्या नावे जमाही करीत नाही, अनामत खात्याला टाकून ठेवतो आणि खरा धनी मिळताच तेथून वळती करतो. सुई चुंबकत्वाच्या खात्यावर गेली, झाडातील पाणी आणखी निराळ्या खात्यावर गेले. अदृष्टाचे पुण्यपाप करून उदयन त्याच्या आधारे पुढे ईश्वरापर्यंत पोहोचतो, तेथे माझी त्याची वाट वेगळी होते; तात्पुरते खाते कायम करण्याची त्याला घाई झाली असे मला वाटते.

उदयनाच्या मूळ युक्तिवादालाही आपल्या काळाने एक खरी अडचण आणून ठेवली आहे. 1978 साली इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले की स्मृतिचिपांच्या वेष्टणातच अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य असते आणि त्यातून निघालेला अल्फा कण चिपेत साठवलेला एखादा अंक उलटवू शकतो. 2003 साली बेल्जियममधील स्खारबेक येथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला 4,096 मते जास्तीची दिली. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे, आणि एक अंक असाच उलटला असावा, हेच तिचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण ठरले. अणू फुटतो याची नियमबद्धता आपण जाणतो, अमुक काळात किती फुटतील हे सांगतो. पण हाच अणू याच क्षणी का फुटला, याला रूढ पदार्थविज्ञानात उत्तर नाही. म्हणजे उपनिषदाने उभा केलेला तो चौथा उमेदवार मागल्या दाराने पुन्हा दरबारात रुजू झाला. तरीही पेठेतील यंत्राच्या बाबतीत त्याचा उल्लेख करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल; पंख्यात हळद कोंदलेली असताना अल्फा कणाचे नाव घेणारा माणूस पत्रिकेतील शनीचे नाव घेणाऱ्यापेक्षा फार वेगळे काही करीत नाही.

समजा, पंखा साफ झाला, पेस्ट बदलली, नवा एसएमपीएस बसला आणि पुढचा सारा हंगाम निर्वेध पार पडला. घरातील वृद्ध मातोश्री म्हणतील की गणपतीनेच तो चांगला दुरुस्तीवाला पाठवला. या विधानाशी माझे काही भांडण नाही. ते खोटे ठरवण्याची सोय नाही हे खरे; पण कपॅसिटरची जागा गणपतीला देण्याचा आग्रह त्यात नाही, आणि तपास थांबवण्याचा हुकूमही नाही. मातोश्रींनी ते काम पुरे झाल्यावर उच्चारले. काम सुरू होण्यापूर्वी त्या हेच बोलल्या असत्या, तर तो अगदी निराळा सिद्धान्त झाला असता.