त्या गोष्टीत आपण कोण?

मराठी ख्रिस्ती घरांत एक वचन हमखास भेटते. कधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कधी लग्नपत्रिकेवर, कधी दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाच्या मोबाइलवर. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचे ते ११वे वचन. देवाने तुमच्यासाठी जे योजले आहे ते भल्याचेच आहे, असा त्याचा आशय. वाचले की धीर येतो. म्हणूनच ते भिंतीवर असते.

पण हे वचन मुळात एका पत्रातली ओळ आहे, आणि पत्र कोणाला लिहिले होते हे पाहिले की धीराचा रंग बदलतो. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमातून धरून नेलेल्या लोकांना ते बाबेलमध्ये पोचले. लवकरच परत जाल, असे सांगणारे संदेष्टे त्यांच्या अवतीभवती होतेच. यिर्मयाने मात्र ७० वर्षांचा हिशेब मांडला. घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या परक्या नगरात येऊन पडला आहात त्याच्या भल्यासाठी झटा, असे त्याने कळवले. ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. भल्याची योजना होती, पण तिचे फळ नातवंडांच्या पदरात पडायचे होते. आपण ११वे वचन भिंतीवर लावतो आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंतची सहा पुस्तकात ठेवतो.

शास्त्रवचन रोजच्या जगण्याला लावावे, हे प्रत्येक उपदेशात ऐकू येते. ते लावायचे कसे, याबद्दल मात्र कमी बोलले जाते. माझे म्हणणे असे, की त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: त्या उताऱ्यात आपण कुठे उभे आहोत? ही जागा बहुतेक वेळा आपण नकळत निवडतो, आणि निवडतो ती सोयीची. हे तपासून पाहायला चौलइतके चांगले गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. इथे एकच ग्रंथ निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या जागी उभे राहून वाचला आहे.

*

चौल हे अलिबाग तालुक्यातले प्राचीन बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज इथे आले, १५२१मध्ये त्यांना किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली, आणि आज ज्याला आपण रेवदंडा म्हणतो तिथे तटबंदीच्या आत त्यांचे नगर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा निरनिराळ्या संघांची चर्चे आणि मठ त्या तटात होते. त्यांचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांतून अजून डोके वर काढून आहेत. सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा त्यांतलाच. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर १५९४मध्ये निजामशाहीकडून घेतल्यावर तिथल्या किल्ल्याच्या बुरुजांनाही संतांची नावे देण्यात आली.

तोफ ठेवायच्या बुरुजाला संताचे नाव देणे म्हणजेही शास्त्र जगण्याला लावणेच. या वाचनात आपण यहोशवाच्या सैन्यात असतो, देश आपल्याला देऊ केलेला असतो आणि तिथे आधीपासून राहणारी माणसे कथेच्या कडेला असतात. असे वाचणारे पोर्तुगीज एकटे नव्हते. अमेरिकेत उतरलेल्या प्युरिटनांनीही स्वतःला नवे इस्राएल मानले. पुढे त्याच अमेरिकेत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी निर्गमाची कथा ऐकली आणि इस्राएल म्हणजे आपण, फारो म्हणजे आपला मालक, असे ओळखले. पुस्तक तेच होते, जागा बदलली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणात स्वतःला मोशेच्या जागी पाहिले. तेही वचनदत्त देश दुरून पाहणाऱ्या, तिथे पाऊल न पडलेल्या मोशेच्या.

१७४०मध्ये पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले. सत्ताधारी निघून गेले. मागे उरली ती साधी माणसे: इथल्याच मातीतले धर्मांतरित आणि पोर्तुगीज शिपायांशी झालेल्या लग्नसंबंधांतून वाढलेली कुटुंबे. ही मंडळी कोर्लईत राहिली. चौलच्या तटात घडलेली, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून आलेली बोली ती आजही बोलतात. 'नो लिंग' म्हणतात तिला. बोलणारे हजाराच्या आसपास असतील.

यिर्मयाचे पत्र लागू पडते ते या लोकांना. राजा गेला, आरमार गेले, मठ ओस पडले. उरलेल्यांनी शेती केली, मुलांची लग्ने लावली, शेजारच्या कोळ्यांशी आणि आगऱ्यांशी व्यवहार सांभाळला, आणि परक्या झालेल्या राज्यात गावाचे भले ते आपले भले असे धरून चालले. त्यांनी ते पत्र वाचले होते असे मी म्हणत नाही. कॅथलिक उपासना लॅटिनमध्ये चालत होती. ती लोकभाषांत आणण्याची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये मोकळी केली. तोवर सामान्य भाविकाच्या घरी बायबल असण्याचे आणि त्याने ते उघडून वाचण्याचे फारसे कारण नव्हते. श्रद्धा तगली ती पाठ प्रार्थनांवर, जपमाळेवर, उपवासकाळावर, माउंट कार्मेल मातेच्या देवळाभोवती फिरणाऱ्या वर्षावर. वचन लावणे म्हणजे रोज सकाळी एक ओळ वाचून दिवसभर तिची आठवण ठेवणे, अशी जी आजची समजूत आहे, तिला कोर्लई हे चांगले उत्तर आहे. जवळ उतारा नसतानाही माणसे त्यात सांगितलेले जगू शकतात. आणि उतारा भिंतीवर असतानाही न जगणे शक्य असते.

*

याच किनाऱ्यावर त्याच ग्रंथाचे आणखी एक कुळ आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा सांगणारे बेने इस्रायल यहुदी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे. रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आहे. हातात ग्रंथ नसताना शब्बाथ पाळणाऱ्या या समाजाला मराठी जुना करार मोठ्या प्रमाणावर मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३मध्ये सुरू झाले, आणि पुढे त्याच्या शाळा किनाऱ्यावरच्या गावांतून निघाल्या. बेने इस्रायल शिक्षक त्या शाळांतून शिकवत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी तर १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले.

मिशनऱ्यांची अपेक्षा उघड होती: हे लोक जुना करार वाचतील आणि नव्या कराराकडे येतील. बेने इस्रायलांनी पुस्तक आनंदाने घेतले आणि ते वाचून अधिक चांगले यहुदी झाले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा त्यांनी मराठी कीर्तनात आणल्या. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, पेटी असे सगळे इथलेच. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे मांडून केलेल्या मलिद्याच्या विधीत एलीया संदेष्ट्याचे स्मरण आधीपासून होतेच. मिशनऱ्यांच्या दृष्टीने हे अपयश असेल. वाचनाच्या दृष्टीने पाहिले, तर कथेतली आपली जागा कोणाकडून नेमून न घेणारा वाचक इथे दिसतो. शास्त्र लागू करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. पाळक दिशा दाखवील, पण उभे आपल्यालाच राहावे लागते.

*

जागा निवडण्याची ही युक्ती बायबलच शिकवते. दुसऱ्या शमुवेलाच्या १२व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो. राजाने उरीयाची बायको घेतली आहे आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवले आहे. नाथान आरोप करत नाही. तो एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याची एकुलती एक लाडकी कोकरी धनवान शेजाऱ्याने पाहुण्याच्या जेवणासाठी कापली. दावीद संतापतो, त्या धनवानाला मरणाची शिक्षा फर्मावतो. तेव्हा नाथान सांगतो, की तो माणूस तूच. गोष्ट ऐकताना दावीद आपण न्यायाधीश आहोत असे समजत होता. ख्रिस्ती उपदेशाची अर्धी शोकांतिका या प्रसंगात आहे. आपण गोष्ट बरोबर ऐकतो, निवाडाही बरोबर देतो, फक्त चुकीच्या खुर्चीत बसून.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात तेल-द्राक्षारस घेऊन जखमी माणसाकडे वळतो. रस्त्याच्या पलीकडून निघून गेलेला याजक मी, असे क्वचितच कोणाला वाटते. उडाऊ पुत्राच्या गोष्टीत रविवारी नेमाने चर्चमध्ये येणारा माणूस धाकट्या मुलासाठी गहिवरतो. त्याची स्वतःची जागा बहुधा शेतावरून परत येऊन दारात रुसलेल्या थोरल्याची असते.

आता हे चौल-अलिबागच्या आजच्या व्यवहाराला लावून पाहू. पहिल्या राजांच्या २१व्या अध्यायात नाबोथाचा द्राक्षमळा आहे. अहाब राजाला तो राजवाड्यालगत भाजीच्या मळ्यासाठी हवा आहे. मोबदला द्यायला तो तयार आहे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन देणार नाही. मुंबईहून लाँचने तासाभरात गाठता येणाऱ्या या किनाऱ्यावर वाड्यांच्या जागी बंगले उठत असताना ही कथा वाचली, की इथला कोणीही अहाब कोण ते लगेच सांगेल. पण हे वाचन सोपे आहे, आणि थोडे खोटेही. राजीखुशीने वाडी विकणारा नाबोथ नव्हे, आणि घर घेणारा प्रत्येक मुंबईकर अहाब नव्हे.

या कथेत दुर्लक्षित राहणारी माणसे निराळीच आहेत. ईजबेल राणी राजाच्या शिक्क्याने नगरातल्या वडीलधाऱ्यांना पत्रे पाठवते. वडीलधारे निमूट सभा भरवतात, दोन खोटे साक्षीदार उभे करतात, आणि नाबोथ दगडांखाली जातो. राजाने स्वतः काहीच केले नाही. केले ते गावातल्या प्रतिष्ठितांनी, कागदोपत्री बिनचूक. आपली जागा शोधायची तर इथे शोधावी. जमिनीचा भाव चढला की सासरी गेलेल्या बहिणींना माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबात मुलाला आणि मुलीला सारखा हिस्सा, असे १९२५चा भारतीय वारसा कायदा सांगतो. त्याच्या कितीतरी आधी गणनेच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या मुलींनी मोशेसमोर उभे राहून वडिलांच्या वतनात वाटा मागितला, आणि देवाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. जेवणाआधी प्रार्थना आणि जेवणानंतर बहिणीची सही, असा दिवस ज्या घरात उजाडतो तिथे बायबलची कमतरता नसते. त्या घराने आपली खुर्ची बदलायची आहे.

मजुरीचेही तसेच. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी न कसण्याचे ठरवले. संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तो संप ख्रिस्ती नव्हता. पण याकोबाचे ते पत्र वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाने चरीकडे पाहून एवढे स्वतःला विचारावे, की माझ्या वाडीत नारळ पाडणाऱ्याची, माझ्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी कोणत्या दिवशी पोचते.

*

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक उतारा स्वतःवर रोखलेले बोट म्हणून वाचायचा, तर धीर कुठे शोधायचा? ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. वाडी पुन्हा धरायला वर्षे जातात. अशा बागायतदाराला आत्मपरीक्षणाचा उपदेश करणे क्रूरपणाच ठरेल. रुग्णालयातल्या खाटेवर २३वे स्तोत्र म्हणणाऱ्याला त्याचा ऐतिहासिक संदर्भ विचारू नये. मेंढपाळ आपल्यासोबत आहे, एवढे त्याला पुरेसे आहे, आणि ते त्याचेच आहे.

धीराची वचने पडलेल्याची असतात, हेच तर माझे म्हणणे आहे. बाबेलमधल्या बंदिवानांना दिलेला शब्द बंदिवानाने अवश्य घ्यावा. तोच शब्द नबुखद्नेस्सराच्या कारकुनाने आपल्या बढतीसाठी घेतला, की घोटाळा सुरू होतो. वादळात ज्याची वाडी गेली त्याचे ते वचन. त्याच वादळानंतर पडेल भावात ती वाडी घेणाऱ्याला दुसरा अध्याय उघडावा लागेल. एकच माणूस सोमवारी पहिला असतो आणि शुक्रवारी दुसरा, म्हणून जागा एकदा ठरवून भागत नाही.

जागा बदलणे म्हणजे काय, ते एका घरात दिसते. कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाकडून. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक सोडवेना. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्या वेळी सोवळ्यातच राहिल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सांगितले आहे, की जातिभेद देवाने केला की माणसाने, यावर त्या एकट्या बसून विचार करत राहिल्या. तो माणसाचाच, असे पटले आणि त्यांचे सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये. त्यांच्यापुढे त्या घडीला कोणी वचन ठेवले नव्हते. त्यांनी फक्त आपण कुठे उभ्या आहोत ते पाहिले, आणि तिथून हलण्याची किंमत मोजली.

किंमत हीच मला यातली खरी कसोटी वाटते. एखाद्या उताऱ्याने आपल्याला वर्षभरात एकदाही काही सोडायला लावले नसेल, कोणाचा हिस्सा परत द्यायला, कोणाची मजुरी वेळेवर पोचवायला, कोणापुढे नमते घ्यायला भाग पाडले नसेल, तर तो आपण वाचला आहे, पाठही केला असेल, पण लावलेला नाही. नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर चढेल तेव्हा त्यावरची बारा वचने बदलता येणार नाहीत, ती छापून आलेली असतील. प्रत्येक महिन्याला त्यातल्या कोणत्या माणसाच्या जागी उभे राहायचे, ते मात्र आपल्या हातात आहे.