वीस पिक्सेलची माय

यवतमाळ–दारव्हा रस्त्यावर बोरी अरबला अडाण नदीचा पूल आहे. पंचवीस वर्षांपूर्वी काठावर उभं राहून तो पूल, नदी आणि पलीकडची कपाशीची वावरं मी एकाच लांबट फोटोत घेतली. कॅमेरा रशियन, हॉरिझॉन 202. बटण दाबलं की त्याचं भिंग एका बाजूकडून दुसरीकडे फिरतं आणि 120 अंशांचं दृश्य 24 बाय 58 मिलिमीटरच्या पट्टीवर उतरतं. यंदा ती निगेटिव्ह स्कॅन करून सहा फूट लांबीचा प्रिंट काढला. तो पाहताना जे कळत गेलं, ते इथे टिपून ठेवतो.

*

फोटो म्हणजे गोठलेला क्षण, असं आपण म्हणतो. फिरत्या भिंगाच्या फोटोत एकच क्षण कधीच नसतो. भिंगामागची बारीक फट सरकत जाते आणि एक कड टिपून झाल्यावर दुसरी टिपते. फट सरकते त्याच दिशेने जाणारी एसटी लांबते, उलट दिशेने येणारी आखूड होते. माझ्या फोटोतली एसटी आखूड आहे. तिला मी दुरुस्त केलं नाही. ती घाईत होती, एवढंच त्यातून समजतं.

*

पूल सरळ आहे. फोटोत तो धनुष्यासारखा वाकला आहे.

1904 साली अमेरिकेत पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा अख्खाच गोल फिरायचा. त्याच्यासमोर मोठा समूह कमानीत बसवत, म्हणजे प्रिंटवर रांग सरळ दिसे. सरळ दिसायचं तर आधी वाकून बसावं लागे. माणसांना कमानीत बसवता येतं. पुलाला सांगता येत नाही. म्हणून पुलाचं वाकणं हा पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष समजावा, पुलाचा नाही. दुसऱ्याला वाकडं म्हणण्याआधी आपलं भिंग कसं फिरतं ते तपासावं.

*

सर्कटची निगेटिव्ह प्रिंटएवढीच लांब असे. कागद तिला टेकवून छापत, मोठं करण्याचा प्रश्नच येत नसे. आपली निगेटिव्ह बोटाएवढी आणि हौस भिंतीएवढी. मधलं अंतर गणिताने भरावं लागतं.

गणित सोपं आहे. इंचाला 4000 ठिपके या हिशेबाने 58 मिलिमीटरचे साधारण 9100 पिक्सेल होतात. इंचाला 300 ठेवले तर प्रिंट अडीच फुटांचा. सहा फुटांवर ताणला की इंचाला 127 उरतात. चार पावलं लांबून हे पुरेसं आहे. नाक टेकवून पाहणाऱ्याला नाही.

पण लांब प्रिंटसमोर माणूस उभा राहतच नाही. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालतो आणि चालता चालता जवळ जातो. मोठा प्रिंट म्हणजे जवळ येण्याचं बोलावणं. आत काही असेल तरच ते द्यावं.

*

पलीकडच्या काठाला एक बाई कापूस वेचते आहे. कमरेला ओटी, डोक्यावर पदर. निगेटिव्हवर ती मिलिमीटरभर. सहा फुटी प्रिंटवर तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी. तिच्या चेहऱ्याच्या वाट्याला वीसेक पिक्सेल येतात.

प्रिंट काढणाऱ्याला ते कमी वाटले. चांगल्या मनाने त्याने संगणकाकडून चेहरा स्पष्ट करून घेतला. डोळे आले, नाक आलं, ओठांवर हसूही आलं. तो प्रिंट घेऊन मी गावात गेलो आणि देवळाच्या ओसरीत उलगडला. त्या बाईचा मुलगा, आता साठीकडे झुकलेला, बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "हे माही माय नाई."

नंतर न सुधारलेला, दाणेदार प्रिंट आणला. चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके. त्याने लगेच बोट ठेवलं. "हे माय. पदरावरून ओयखलं."

*

फिल्मवर प्रकाश पडतो तो खऱ्या माणसावरून परतलेला असतो. पुसट असला तरी तो तिचाच. यंत्राने घातलेले डोळे तिचे नसतात, ते हजारो अनोळखी चेहऱ्यांची सरासरी असतात. धूळ झाडावी, ओरखडा बुजवावा, फिका पडलेला रंग सावरावा. जे प्रकाशाने लिहिलंच नाही ते आपण लिहू नये. पुसट असणं हाही पुरावा आहे. खोटं स्पष्ट करण्यापेक्षा खरं धूसर ठेवावं.

आठवणीचंही असंच असतं. आईचा चेहरा वर्षागणिक अंधूक होतो, पण पदर घेण्याची तऱ्हा जात नाही. ओळख बारकाव्यात असते असं वाटतं. पुष्कळदा ती ठेवणीत असते.

*

सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंना लिंटर म्हणतात. त्यापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून सेल्युलोज मिळतं, त्याचं अ‍ॅसिटेट होतं आणि त्यावर बहुतेक फोटोफिल्म उभी असते. टिकाऊ प्रिंटसाठीचा उत्तम कागदही शंभर टक्के कापसाचा. वेचणारी बाई, तिला टिपणारी पट्टी आणि तिला पुन्हा दाखवणारा कागद, तिघांचं नातं एका बोंडाशी असू शकतं. वेचणीच्या मजुरीचा हिशेब किलोवर झाला. हा हिशेब कुणी केला नाही.

*

अ‍ॅसिटेट अमर नाही. उष्णता आणि दमट हवा त्याला कुजवतात. पट्टीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ती आक्रसायला लागली असं समजावं. आपल्याकडचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा दोन्ही तिच्या मुळावर आहेत.

म्हणून एवढं करा. जुन्या निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीतून आणि माळ्यावरून खाली आणा. कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात ठेवा. लांबट फ्रेमचा रोल लॅबमध्ये देताना "पट्टी कापू नका" असं पाकिटावर लिहा. नेहमीचा साचा 36 मिलिमीटरचा असतो, तो लांब चित्राचे दोन तुकडे करतो. स्कॅन झाल्यावरही मूळ निगेटिव्ह फेकू नका. आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, ओळखणारी माणसं आहेत तोवर.

बोरीतल्या त्या घराच्या भिंतीवर आज दाणेदार प्रिंट आहे. मागे तिचं नाव लिहिलं आहे. अक्षर तिच्या मुलाचं.